प्रवास थांबला तेव्हा आमचा अंक

(मंडळाच्या वर्धापनदिनी चिकलठाणा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि चारचौघींत उभी राहून जे काही बोलले ते उखाणा घेण्यापुरतेच. परंतु आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "करोनाच्या दिवसांत तुमच्या घरचा अंक बंद का पडला नाही, ते सांगा. पापड-मसाल्याचा धंदा कसा करावा हे सगळ्याच सांगतात." म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊकच आहे की, आमच्या घरून एक प्रवासाचे त्रैमासिक निघते. नाव घेत नाही, नाहीतर म्हणाल, बाई स्वतःचीच जाहिरात करून गेली! वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, पैठण, पितळखोरे, लोणार अशा आपल्या मुलखातल्या ठिकाणांची माहिती, आणि थोडे दूरचेही. पाने बत्तीस, वर्षाला अंक चार. संपादक, मालक आणि जाहिराती गोळा करणारे आमचे हे. खळ शिजविणे, पत्ते चिकटविणे, टपालात टाकणे आणि वर्गणीची वही लिहिणे माझ्याकडे.

लोकांना वाटते की, मासिके वर्गणीवर चालतात. तसे नाही. वर्गणीतून आमचा कागद आणि निम्मी छपाई सुटते. वरचा सगळा खर्च जाहिरातींवर. आणि प्रवासाच्या अंकाला जाहिराती कोण देणार? हॉटेलवाले, भाड्याने गाड्या देणारे, हिमरू-पैठणीचे दुकानदार, वेरूळच्या रस्त्यावरच्या खानावळी. म्हणजे ज्यांचे पोट प्रवाशांवर, त्यांच्यावर आमचे पोट.

17 मार्च 2020 रोजी पुरातत्त्व खात्याने वेरूळ-अजिंठ्यासह सगळी स्मारके बंद केली. आठ दिवसांत आगगाड्या थांबल्या, विमाने थांबली, आणि आपण सगळ्या दारे लावून बसलो. चिकलठाण्यात राहणाऱ्या आपल्याला विमानाच्या आवाजाची इतकी सवय की, तो बंद झाल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, "कान गेले की काय माझे?"

एप्रिलचा अंक तेव्हा छापखान्यात होता. अजिंठ्याची वेळ काय, तिकीट किती, बस कोठून सुटते, मुक्काम कोठे करावा, असा सगळा उपयोगी मजकूर. एका रात्रीत त्याची रद्दी झाली. जाहिरातवाल्यांचे फोन येऊ लागले की, आमची जाहिरात काढा. एका हॉटेलवाल्याकडे मागच्या दोन अंकांचे पैसे अडकले होते, त्याने तर फोन उचलणेच सोडले. 18 एप्रिलला सरकारने वर्तमानपत्रे घरोघर टाकण्यास मनाई केली. आपल्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची आपणहून दखल घेतली ही गोष्ट खरी, पण लोकांच्या मनात कागदाची धास्ती बसायची ती बसलीच. दुधाच्या पिशव्या आपण साबणाने धूत होतो. अंक कसा धुवायचा?

ह्यांनी एके दिवशी फोनवर बातमी वाचली आणि फोन पालथा ठेवला. 'लोन्ली प्लॅनेट' नावाची प्रवासाची पुस्तके काढणारी जगातली मोठी कंपनी आहे, तिने मेलबर्न आणि लंडन इथली कार्यालये जवळजवळ बंद केली होती. हे म्हणाले, "अगं, ते बुडाले, तिथे आपण कोण?"

त्या कंपनीची हकीगत ह्यांनीच मला पूर्वी सांगितली होती. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे नवराबायको 1972 साली लंडनहून खुष्कीच्या मार्गाने इराण, अफगाणिस्तान, हिंदुस्थान करीत ऑस्ट्रेलियाला गेले. पोहोचले तेव्हा जवळ 27 सेंट उरले होते. पुढल्या वर्षी दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पहिले पुस्तक लिहिले आणि हातांनीच पाने जुळवून टाचले. मला त्यातले ते टेबल फार आवडते. पुढे 1979 साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियाचे सैन्य शिरले आणि ज्या वाटेवर त्यांचे पहिले पुस्तक उभे होते ती वाटच बंद पडली. तरी ते थांबले नाहीत. 1981 साली त्यांनी एकट्या हिंदुस्थानावर जाडजूड पुस्तक काढले, आणि त्याच पुस्तकाने कंपनीला पाय दिले.

म्हणून मी ह्यांना म्हटले, "अहो, त्यांना आज मोठमोठी भाडी आहेत, पगार आहेत. आपल्याकडे एक ट्रंक आणि खळीचे पातेले. आपल्याला बुडायला पाणी तरी किती लागणार?" हे हसले नाहीत. म्हणाले, वर्षभर बंद ठेवू, मग पाहू.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगते. अंक काढायचा तर मॅजिस्ट्रेटपुढे डिक्लेरेशन करावे लागे. त्या वेळी 1867 सालचा जुना कायदा चालू होता. नवा 2024 च्या मार्चपासून आला. जुन्या कायद्याप्रमाणे बारा महिन्यांहून अधिक काळ एकही अंक निघाला नाही तर ते डिक्लेरेशन रद्द होई, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. दुकान कुलूप लावून ठेवता येते, अंकाला तसे कुलूप लागत नाही. शिवाय ज्यांनी वर्षाची वर्गणी भरली होती त्यांचे तीन अंक आमच्याकडे देणे होते. भाजीवालीचे दोन रुपये राहिले तर आपल्याला झोप येत नाही, आणि हे तर शेकडो माणसांचे देणे.

मे महिन्यात ह्यांनी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रात्रीच्या पहारेकऱ्याची नोकरी धरली. दिवसा झोप. मी वर्गणीची वही घेऊन बसले. सात वर्षे ती वही मी लिहीत होते, पण नावे वाचली होती ती पत्ता म्हणून. या वेळी माणसे म्हणून वाचली. जालना, बीड, परभणी इकडच्या शाळामास्तरांची नावे, पेन्शनरांची, गावच्या वाचनालयांची, आणि बायकांची कितीतरी. रोज दुपारी दहा जणांना फोन करू लागले. "अंक उशिरा येईल, पैसे परत हवेत का?" एवढेच विचारायचे. परत मागणारे चौघेच निघाले. बाकीचे उलट विचारीत, "कधी येणार? घरात वाचायला काही नाही."

सिल्लोडच्या एक बाई पहिल्या वर्षापासून वर्गणीदार. अजिंठा त्यांच्या घरून तासाभराच्या वाटेवर. मी सहज विचारले, लेणी किती वेळा पाहिलीत? म्हणाल्या, "एकदाही नाही हो. आधी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मग म्हशी. मी तुमच्या अंकातच बघते."

भगिनींनो, त्या दिवशी मला आमच्या धंद्याची गोम कळली. हे धरून चालले होते की, अंक प्रवाशांसाठी आहे. प्रवासी जाहिरातीला उपयोगी असतात, पण वर्गणी भरणारी माणसे बहुतेक घरात बसणारी होती. त्यांचा प्रवास टाळेबंदीने थांबला नव्हता, कारण तो कधी सुरूच झाला नव्हता! आणि तिकिटाचे दर आणि बसची वेळ त्यांना नकोच होती. गोडसे भटजींनी 1857 च्या बंडाच्या धामधुमीत उत्तरेत प्रवास केला, त्याचे पुस्तक छापून आले 1907 साली, आणि आपण आजही ते वाचतो. त्यात काही मुक्कामाचे दर पाहायला कोणी जात नाही.

मग ठरले की, माहितीची पाने काढायची आणि हकीगती घालायच्या. लेखक कोठून आणायचे? इथूनच आणले. समोर बसलेल्या कित्येक जणींनी तेव्हा मला सांगितले आणि माझ्या मुलीने लिहून घेतले. त्या वर्षी पैठणची नाथषष्ठीची यात्रा रद्द झाली होती. आपल्या गल्लीतल्या आत्याबाईंनी पन्नास वर्षांपूर्वीची पायी नाथषष्ठी सांगितली, पायांना फोड आल्यावर लिंबाचा पाला कसा बांधला तेही. आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका आणि आपल्या नाथांच्याही पादुका एस. टी.ने पंढरीला गेल्या. त्यावर एका वारकरी मावशींनी लिहिले. एक बाई विमानतळाच्या कुंपणाजवळ राहतात, विमानात कधी बसल्या नाहीत, त्यांनी वीस वर्षे खालून पाहिलेली विमाने लिहिली. ह्यांनी तो मजकूर आधी बाजूला ठेवला होता. मी परत वर ठेवला.

एक पान मात्र असे आले की, त्याबद्दल आजही नीट बोलता येत नाही. 8 मे 2020 ला पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यातले, घर मध्य प्रदेशात. गाड्या नाहीत म्हणून रुळांच्या कडेने चालत निघाले होते. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. करमाड आपल्यापासून किती दूर? बाजाराला जावे इतके. ह्यांचे म्हणणे पडले की, आपला अंक मौजेचा, हा विषय आपला नव्हे. मी म्हटले, प्रवास थांबला म्हणतो आपण, पण थांबला तो ज्यांना घर होते त्यांचा. ते चालत होते. दोन दिवस आमच्यात बोलणे नव्हते. शेवटी पहिल्या पानावर काळ्या चौकटीत चार ओळी घातल्या, छायाचित्र घातले नाही.

आता पैशाचे सांगते, कारण तेच तुम्हाला ऐकायचे आहे. एप्रिल-जुलैचा जोडअंक करायचा, पाने सोळा. वजनाला फार महत्त्व असते.   मी कोरी पाने आणि वेष्टन घरातल्या काट्यावर ठेवून पाहिले, 50 ग्रॅमच्या आत आले. छपाईसाठी माझ्या भिशीचे बारा हजार होते. सगळे दिले नाहीत. मुलीच्या फीचे सहा बाजूला काढले आणि सहा हजार अंकाला उसने दिले. वहीत तारीख घालून, ह्यांची सही घेऊन. नवऱ्याला कसले उसने, असे सासूबाई म्हणाल्या. मी म्हटले, ह्यांना नाही, अंकाला दिले. ते पैसे मी पुढे हप्त्याने परत घेतले.

मोठ्या जाहिराती गेल्या त्या जागी शंभर-दोनशे रुपयांच्या चिमुकल्या घेतल्या. घरचे मसाले, डबे, शिवणकाम. वेरूळच्या वाटेवरच्या एका खानावळवाल्या बाईंचे दुकान बंद होते, तरी त्यांनी दोनशे पाठविले आणि छापायला सांगितले, "चूल पेटली की कळवू." जोडअंक ऑगस्टमध्ये टपालात पडला, दुसरा दिवाळीला निघाला.

पण कोणी असे समजू नये की, युक्तीने सगळे भागले. अंक जगला तो ह्यांनी रात्रपाळ्या केल्या म्हणून, आणि माझी व मुलीची मेहनत फुकटची होती म्हणून. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. नव्या वर्षापासून मी दर अंकाचे पाचशे रुपये स्वतःच्या नावावर लावून घेतले. थोडे आहेत, पण वहीत आहेत.

10 डिसेंबर 2020 ला लेणी उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाली, जूनमध्ये पुन्हा उघडली. दुसऱ्या खेपेस आम्ही घाबरलो नाही. हॉटेलवाले परत आले आहेत. त्यांना आता पैसे आगाऊ भरावे लागतात, आणि जाहिराती एक-तृतीयांश पानांवर जाऊ द्यायच्या नाहीत असे मी ठरविले आहे. हे कुरकुरतात. पाने आता चोवीस आहेत, बत्तीसवर अजून गेलो नाही. ह्यांची नोकरी मात्र सुटली. सिल्लोडच्या बाईंची सून मागल्या हिवाळ्यात अजिंठ्याला जाऊन आली, बाई अजून गेल्या नाहीत. सुनेने दोन पाने लिहून पाठविली आहेत, ती पुढच्या अंकात येतील.

तुमच्यापैकी कोणाला लिहायचे असेल तर कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, दोन पानांहून जास्त नको, आणि कोणत्या साली गेला होतात ते जरूर घालावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये, ते मुलगी पाहते. मानधन देता येत नाही, अंक घरपोच येईल.