पोरे कुणाकडे बघून नाचली?
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज मी वारल्यांच्या तारप्याविषयी बोलणार, हे कळल्यावर एका पालकांनी मला विचारले, "मास्तर, आपला त्याच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका फजितीत आहे, आणि ती फजिती माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी मुलांचा तारपानाच बसवला. तारपकरी कुठून आणायचा, म्हणून मोबाइलमधली धून ध्वनिक्षेपकावर लावली. टाळ्या पडल्या, मीही खूश झालो. कार्यक्रम संपल्यावर एका वारली विद्यार्थ्याचे आजोबा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, पोरं नाचली ब्येस. पण कुणाकडं बघून नाचली?"

मला उत्तर देता आले नाही. घरी गेल्यावर त्यांच्या म्हणण्याचा अर्थ उमगला.

तारपा म्हणजे वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. सांधे मेणाने बुजवतात. तारपकरी गाल फुगवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. भाताचे नवे पीक हाती येऊ लागले की पाड्यावर तारपा घुमतो. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी धरतात आणि तारपकऱ्याभोवती फिरतात. त्याने धून बदलली की सर्वांची पावले बदलतात. नाचणारे दमले की रंगात आले, हे तोही पाहत असतो. ध्वनिक्षेपकाला हे कसे दिसणार? माझ्या नाचात धून आधीच ठरलेली होती आणि पोरे प्रेक्षकांकडे तोंड करून उभी होती.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच साखळी चित्रांत जगभर नेली. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली ते वारले. आज ते तारपानृत्य साड्यांवर, पिशव्यांवर, भिंतींवर दिसते. चित्रातला तारपा वाढला त्या मानाने पाड्यावरचा वाढला नाही, असे मला वाटते. म्हणूनच जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे वृद्ध तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला फार बरे वाटले.

ही गोष्ट केवळ आपल्या जंगलपट्टीची नाही. युरोपात आल्बानिया नावाचा लहानसा देश आहे. तेथील दक्षिण भागात लग्नात, मयतीत, सुगीत लोक एकत्र गातात. एकजण गाणे उचलतो, दुसरा त्याला जोड देतो आणि बाकीचे सगळे एकच सूर धरून ठेवतात. त्या सुराला ते 'इसो' म्हणतात. युनेस्कोने 2008 साली ही गायकी मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. पण यादी सूर धरत नाही. तो धरायला शेजारी बसलेली माणसेच लागतात.

आता आपल्या घरांकडे वळू. हळदीच्या रात्री आपल्या आज्या-नान्या जी गाणी म्हणत, ती तुमच्यापैकी किती मुलींना येतात? लग्नात आपणही आता ध्वनिक्षेपकच लावतो. म्हणजे त्या आजोबांचा प्रश्न मला एकट्यालाच नव्हता.

वाढवण बंदराची कोनशिला 30 ऑगस्ट 2024 रोजी बसली. बाहेरून पुष्कळ माणसे येतील, आपली मुलेही नोकरीसाठी चार ठिकाणी जातील. जावेच, मी शिक्षक आहे, मुलांना घरी बसा असे सांगणार नाही. पण "तुमच्याकडे काय आहे?" असे कुणी विचारले, तर भिंतीवरचे चित्र दाखवून भागणार नाही.

आज शेवटचा कार्यक्रम तारपानाचाचा आहे. त्याच आजोबांना मी तारपा घेऊन बोलावले आहे. कार्यक्रमपत्रिकेत दहा मिनिटे छापली आहेत. दहा मिनिटांत तर पाय नुसते मोकळे होतात, असे त्यांनी मला सकाळीच बजावले आहे. तेव्हा पालकांनी जेवणाची घाई करू नये, आणि ज्यांना साखळी धरायची असेल त्यांनी चपला काढून मैदानात यावे.