डबा देण्याआधी

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि शाळेच्या मैदानाच्या आठवणी सांगायला सांगितलं आहे. आठवणी सांगेन, पण आज मला एक काम करून घ्यायचं आहे. गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक सूचना आली. तुकडीनं जमवलेल्या निधीतून शाळेच्या कबड्डी, खो-खो आणि ॲथलेटिक्सच्या मुलामुलींना प्रोटीन पावडरचे डबे भेट द्यायचे. अंगठ्यांचा पाऊस पडला. मी एकटीनं लिहिलं, ‘मेळाव्यात बोलू.’ त्यावर दोघांनी विचारलं, ‘तू स्वतः कोच असून विरोध का?’ त्याचं उत्तर देण्यासाठी मी उभी आहे.

मी गेली अठरा वर्षं तालुक्याच्या मैदानावर धावपटूंना शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. वय एकोणीस, ८०० मीटर धावायचा. घरची दोन एकर कोरडवाहू शेती, सकाळी दूध घालून मग मैदानावर यायचा. एके दिवशी तो एक डबा घेऊन आला. शहरातल्या एका दुकानदारानं त्याला स्वस्तात दिला होता. मला म्हणाला, ‘मॅडम, घेऊ का?’ मी डबा हातात घेतला, फिरवून पाहिला. एफएसएसएआयचा शिक्का होता, परवान्याचा चौदा आकडी नंबर होता, घटकांची यादी व्यवस्थित होती. मी म्हटलं, ‘घे, सगळेच घेतात.’

तीन महिन्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत त्याची चाचणी झाली. शर्यत संपल्याबरोबर एक माणूस येऊन सोबत उभा राहतो आणि मग नमुना देईपर्यंत नजरेआड होऊ देत नाही. किमान ९० मिलिलिटर लघवी, तीही अधिकाऱ्यासमोर. तिचे दोन भाग करून ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत सीलबंद करतात. फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि पूरकं लिहायची असतात. त्यानं पावडरचं नाव प्रामाणिकपणे लिहिलं. काही आठवड्यांनी पत्र आलं. नमुन्यात अनॅबॉलिक स्टेरॉइड सापडलं होतं. डब्यावर त्याचं नाव कुठेही नव्हतं.

आता पुढचं नीट ऐका, कारण इथेच सगळ्यांचा गैरसमज असतो. आपल्याला वाटतं, मुलानं मुद्दाम घेतलं नाही हे कळल्यावर सोडून देतील. नियम तसा नाही. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नव्हतं, हा सगळा विचार शिक्षा किती द्यायची हे ठरवताना होतो. अशा स्टेरॉइडला सर्वसाधारणपणे चार वर्षांची बंदी असते. उत्पादनातच भेसळ होती हे सिद्ध केलं तर शिक्षा बरीच कमी होऊ शकते. पण सिद्ध करायला डबा लागतो, बॅच नंबर लागतो, बिल लागतं. डबा संपून भंगारात गेला होता. बिल दुकानदारानं कधी दिलंच नव्हतं. शेवटी वीस दिवसांच्या आत आरोप मान्य करून शिक्षा स्वीकारली, म्हणून चारांतलं एक वर्ष कमी झालं. तीन वर्षं बंदी.

बंदी म्हणजे फक्त स्पर्धा बंद असं मला वाटायचं. पण क्लबबरोबर सरावही करता येत नाही. पहिले काही दिवस तो संध्याकाळी कुंपणाबाहेर मोटारसायकलवर बसून आमचा सराव बघायचा. मग येणं बंद झालं. रेल्वेतल्या क्रीडा कोट्याच्या नोकरीसाठी त्याचं नाव पुढे गेलं होतं, ते तिथेच थांबलं. गावात लोक त्याच्या आईला विचारायचे, ‘पोरगं नशा करतं का हो?’ त्या माउलीनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. पण ‘घे’ म्हणणारी मी होते. तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास करायला लागले. आधी करायला हवा होता.

अभ्यासात पहिली गोष्ट कळली ती ही, की आमच्या बाबतीत घडलं ते अपवादात्मक नव्हतं. जर्मनीतल्या कोलोन इथल्या डोपिंग प्रयोगशाळेनं २०००-०१ मध्ये तेरा देशांतून ६३४ पूरकं विकत घेऊन तपासली. त्यांतल्या ९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांमध्ये, लेबलवर न लिहिलेली अनॅबॉलिक द्रव्यं निघाली. एकाच कारखान्यात, एकाच मिक्सरमध्ये आज एक माल आणि उद्या दुसरा तयार होतो, तेव्हा कणभर उरलेलं पुढच्या मालात जातं. काही वेळा तर ‘पंधरा दिवसांत फरक’ दिसावा म्हणून मुद्दाम घालतात. एफएसएसएआयचा परवाना अन्न म्हणून विक्रीसाठी असतो. प्रत्येक डबा डोपिंगच्या यादीसाठी तपासला आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. मी तोच अर्थ घेतला होता.

आपल्याच देशाचं उदाहरण आहे. २०१० च्या राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत पदकं मिळवणाऱ्या आपल्या रिले संघातल्या धावपटू २०११ मध्ये स्टेरॉइडच्या चाचणीत अडकल्या. चीनमधून आणलेल्या जिनसेंगमधून ते शरीरात गेलं असं त्यांचं म्हणणं होतं. आधी एक वर्षाची बंदी झाली, पुढे क्रीडा लवादानं ती दोन वर्षांची केली. २०१२ चं ऑलिंपिक हुकलं. आणि मुंबईचा पृथ्वी शॉ? २०१९ मध्ये त्याला आठ महिन्यांची बंदी झाली ती टर्ब्युटालिन या द्रव्यामुळे, जे साध्या खोकल्याच्या औषधात असतं. क्रिकेट मंडळानं ‘नकळत घेतलं’ हे मान्य केलं, तरी बंदी झालीच.

आता काही जण म्हणतील, मग देशी घ्यावं, आयुर्वेदिक घ्यावं. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे, माझ्या घरात काढे चालतात. पण खेळाडूला ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून चालत नाही. सांधेदुखीवर देतात त्या विषतिंदुक वटीत कुचला असतो. कुचल्यात स्ट्रिक्निन असतं आणि ते बंदी असलेल्या यादीत आहे. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकच्या मॅरेथॉन विजेत्याला वाटेत हेच स्ट्रिक्निन अंड्याच्या बलकाविना, पांढऱ्यात मिसळून दिलं होतं. तेव्हा तो गुन्हा नव्हता. दम्यासाठी वापरतात त्या सोमलतेत एफेड्रिन असतं. तालमीतल्या पैलवानांच्या थंडाईत खसखस असते आणि खसखशीत अंशमात्र मॉर्फिन येऊ शकतं, म्हणून स्पर्धेच्या आधीचे काही दिवस ती टाळलेली बरी. भांगेची थंडाई तर दूरच ठेवा.

इथे आपल्यातले डॉक्टर बसले आहेत, त्यांना एक विनंती. आपल्याकडे अशक्तपणा वाटला की सलाईन लावायची पद्धत आहे. रुग्णालयातल्या उपचाराचा, शस्त्रक्रियेचा किंवा तपासणीचा भाग नसेल, तर बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन खेळाडूला चालत नाही, मग आत नुसतं मीठपाणी का असेना. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन चालत नाही, गुडघ्यात दिलेलंसुद्धा. समोर खेळाडू आहे हे कळलं तर लिहिण्याआधी यादी बघा. आजारासाठी ते औषध खरंच लागणार असेल, तर उपचारासाठी सवलत मागण्याची रीतसर सोय आहे, पण अर्ज वेळेत करावा लागतो. आणि आपला जो मित्र औषधांचं दुकान चालवतो, त्याला काय सांगू? भरतीच्या मैदानांजवळ सिरिंज सापडल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. मेफेन्टरमिन हे भूल देताना रक्तदाब खाली गेला तर वापरायचं औषध. पोरं ते धावण्याआधी टोचून घेतात. बंदीची गोष्ट बाजूला ठेवा, यात हृदय बंद पडू शकतं. चिठ्ठीशिवाय एकही कुपी काउंटरच्या बाहेर जाऊ देऊ नकोस, एवढंच.

मग पूरकं घ्यायचीच नाहीत का? असं मी म्हणत नाही. कॅफीन, क्रिएटिन अशा मोजक्या गोष्टींना चांगला शास्त्रीय आधार आहे आणि त्यांवर बंदीही नाही. मोठ्या पातळीवरच्या, वयानं मोठ्या खेळाडूला आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं त्यांचा उपयोग होतो. माझ्या मैदानावर आता पाच गोष्टी विचारल्याशिवाय कुणी डबा उघडत नाही.

एक, याची गरज आहे हे कशावरून? लोह हवं असेल तर आधी रक्त तपासा. विशेषतः मुलींचं. ड जीवनसत्त्वाचंही तसंच.

दोन, हे जेवणातून मिळणार नाही का?

तीन, या बॅचची डोपिंगसाठी तपासणी झाली आहे का? ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ अशी चिन्हं असतात. नुसत्या चिन्हावर थांबायचं नाही, त्यांच्या संकेतस्थळावर उत्पादन शोधायचं आणि बॅच नंबर जुळवायचा. यानं धोका कमी होतो, शून्य होत नाही.

चार, बिल आहे का? डब्याचा आणि बॅच नंबरचा फोटो काढला का? थोडी पावडर डब्यातच राखून ठेवली का?

पाच, औषध असेल तर ‘नाडा’च्या ‘नो युअर मेडिसिन’ या ॲपवर त्याचं नाव तपासलं का? यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते, त्यामुळे गेल्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल असं नसतं.

आणि ‘चरबी जाळणारं’, ‘ताकद दुप्पट’, ‘टेस्टोस्टेरॉन वाढवणारं’, ‘सरावाआधीचा जोश’ असं लिहिलेलं काहीही असेल तर हे पाचही प्रश्न विचारायची गरज नाही. परत करायचं.

आता आपल्या निधीकडे येते. समजा साठ किलो वजनाचा धावपटू आहे. त्याला किलोमागे दीड ग्रॅम धरली तर दिवसाला ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम. चार अंडी, २४. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे, १२. मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, ९. ज्वारीच्या तीन भाकऱ्या, २०. वाटीभर वरण, ७. झाले ८८. वर थोडं दही. हिशेब पुरा. आपल्या शाळेतली मुलं तर चाळीस-पंचेचाळीस किलोची आहेत. त्यांना डबा लागत नाही, त्यांना मधल्या सुट्टीनंतर आणि सरावानंतर पोटभर खायला लागतं. त्यातल्या कित्येकांना सकाळी चहा-बिस्किटावर येताना मी पाहिलं आहे.

सर, तुम्हाला आठवत असेल, आपण सरावानंतर आम्हाला रांगेत बसवून मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्यायचात. तो खर्च तुमच्या पगारातून व्हायचा हे आम्हाला फार नंतर कळलं. आणि तुमचा एक नियम होता: दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी प्यायचं नाही. आम्ही हसायचो. एकदा आंतरशालेय स्पर्धेत मी मैत्रिणीच्या बाटलीतलं प्यायले म्हणून तुम्ही मला एक फेरी जास्त मारायला लावली होती. आज मी माझ्या मुलांना हाच नियम शिकवते. उघडी बाटली सोडून गेलात तर परत आल्यावर त्यातलं प्यायचं नाही, ओतून टाकायचं. तुम्ही ते सर्दी-खोकल्यासाठी म्हणत होतात. आमच्यावर ते त्याहून मोठ्या कामाला आलं.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. डब्यांचे पैसे रद्द करू नका, फक्त वळवा. वर्षभर सरावाच्या दिवशी मुलांना दूध, अंडी किंवा चिक्की, आणि मोड आलेलं कडधान्य. वर्षातून एकदा मुलींची हिमोग्लोबिनची तपासणी, तीही आपल्या डॉक्टर मैत्रिणीच्या हातून. आणि पालकांसाठी एक संध्याकाळ, ज्यात मी हेच सगळं फुकट बोलेन. खरेदीची आणि वाटपाची जबाबदारी मी घेते, हिशेब दर महिन्याला ग्रुपवर टाकेन.

तो मुलगा कसा आहे, असं मगाशी एकीनं हळूच विचारलं. गेल्या वर्षी त्याची बंदी संपली. तो पुन्हा धावतो आहे, पण ८०० मीटरला गेलेली तीन वर्षं परत मिळत नाहीत. त्याची वेळ अजून जुन्या वेळेपेक्षा तीन सेकंदांनी मागे आहे. आता मैदानावर नवीन पोरगं डबा घेऊन आलं की मी काही बोलण्याआधी तोच विचारतो, ‘बिल कुठंय?’

निधीचा निर्णय आज जेवणाआधी व्हावा, एवढीच विनंती.