बाकी किती?

(मिशनच्या वार्षिक हितचिंतक मेळाव्यात पाड्यावरच्या अभ्यासवर्गाच्या शिक्षिकेने केलेले भाषण)



मला अभ्यासवर्गाच्या कामाबद्दल बोलायला सांगितलं आहे. सगळं काम दहा मिनिटांत मावणार नाही, म्हणून एकाच गोष्टीबद्दल बोलते. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना आम्ही पैसे मोजायला आणि सुट्टे परत द्यायला शिकवतो, त्याबद्दल. मागच्या मेळाव्यात एकजण मला म्हणाले, "ताई, आता सगळं मोबाइलवर होतं, आमच्या नातवालाही सुट्टे मोजता येत नाहीत." खरं असेल. पण त्या नातवाच्या घरात हिशेब येणारं दुसरं कोणीतरी आहे. आमच्या पाड्यावर बऱ्याच घरांत दुसरी-तिसरीतलं मूल हेच घरातलं सगळ्यांत शिकलेलं माणूस असतं. आठवडी बाजाराला आई त्याला सोबत नेते, ती काही पिशवी धरायला नाही.

एप्रिल-मे महिन्यात जव्हारच्या रस्त्याने तुमच्यापैकी कोणी गेलं असेल तर वळणावर उभी असलेली मुलं पाहिली असतील. पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं. समजा द्रोण वीस रुपयांना आहे. गाडी थांबते, काचेतून पन्नासची नोट बाहेर येते आणि मुलगी नोटेकडे बघत राहते. एखादा गाडीवाला म्हणतो, "राहू दे गं बाकी," आणि निघून जातो. दुसरा म्हणतो, "तीन दे, झाले पन्नास," आणि तीन द्रोण उचलतो. पहिल्याने दया केली, दुसऱ्याने दहा रुपये मारले. मुलीला दोन्ही वेळा काय झालं ते कळलेलं नसतं. मला ती दयाही नको आहे.

सुरुवात नाण्यांपासून. लहान मुलापुढे एका बाजूला दहाची नोट आणि दुसऱ्या बाजूला चार सुटे रुपये ठेवा, ते चार नाणी उचलेल. जास्त नग म्हणजे जास्त पैसे, असा त्याचा सरळ हिशेब. त्यात नाणीही फसवी. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं त्याच मालिकेतल्या पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा आकाराने मोठं आहे. म्हणून आम्ही आधी नुसती अदलाबदल खेळतो. एका पाचाचे पाच रुपये कर, दोन पाचांची एक दहाची नोट घे, ती परत मोड. दोन-तीन आठवडे फक्त एवढंच. पाहुण्यांना वाटतं, या बाई काही शिकवतच नाहीत.

खेळण्यातल्या कागदी नोटा मी वापरत नाही. पैसे खरेच हवेत. चिकटपट्टी लावलेली नोट दुकानदार घेईल का, हे खेळण्यातल्या नोटेवर शिकवता येत नाही. वीस आणि दोनशे या दोन्ही नोटा पिवळसर आहेत, तिन्हीसांजेला मोठी माणसंही फसतात. मुलं त्या मागच्या चित्रावरून ओळखतात. वेरूळची लेणी असली की वीस, सांचीचा स्तूप असला की दोनशे. दहाचं नाणं "चालत नाही" असं बाजारात सर्रास सांगतात. ते चालतं. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली जाहीर करून सांगितलंय की त्याचे चौदाही नमुने वैध आहेत. मुलांना मी हे पाठ करून घेते. दुकानदार दरवेळी ऐकतोच असं नाही.

आता मुख्य गोष्ट. पन्नासची नोट दिली, माल अठ्ठावीसचा, तर बाकी किती? शाळेत याची उभी वजाबाकी मांडतात. शून्यातून आठ जात नाहीत, दशक सुटा करा, वगैरे. पाटीवर ते जमतं, पण गल्ल्यासमोर गर्दीत आणि आई हात ओढत असताना नाही जमत. जुना दुकानदार वजाबाकी करतच नाही, तो पुढे मोजतो. अठ्ठावीसवर दोन ठेवले, तीस झाले. तिसावर वीस ठेवले, पन्नास झाले. हातातली बाकी आपोआप बरोबर आली. आमची मुलं हेच मोठ्याने म्हणत, एकेक नाणं समोरच्याच्या हातावर ठेवत शिकतात. पाटीवरची वजाबाकी मी त्यानंतर घेते. दहाची नोट मोडली की दहा रुपये होतात हे तोवर हाताला माहीत झालेलं असतं, दशक सुटा करणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आधी पाटी आणि मग बाजार, असं म्हणणाऱ्यांनी आठवडाभर वर्गात येऊन बसावं.

आकड्यांच्या नावांचा त्रास वेगळाच. घरात वारली बोलणाऱ्या मुलाला घाईत म्हटलेलं "एकोणसाठ" नुसतं "साठ" ऐकू येतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! आमच्या मुलांना ते पहिल्या दिवशी कळलं. तरी एकोणसाठ मी सोडत नाही, कारण दुकानदार तोच शब्द बोलणार.

वर्गात आठवड्यातून दोनदा दुकान लागतं. मीठ, माचिस, साबणवडी, हळदीची पुडी, सुकट. दुकानदार झालेल्या मुलाला मी मुद्दाम सांगून ठेवते की मध्येच म्हण, "दोन रुपये सुट्टे नाहीत, चॉकलेट घे." गिऱ्हाइकाने म्हणायचं, "चॉकलेट नको, माचिस द्या," किंवा "पुढच्या बाजाराला देतो म्हणून लिहून ठेवा." उद्धट बोलायचं नाही, पण पैसे मोजून होईपर्यंत जागचं हलायचंही नाही. हिशेबापेक्षा हे जड जातं. एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या मुली दुकानदार झाल्या की मात्र काय ओरडतात!

हे सगळं कशासाठी, ते सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडची, त्यातही कातकऱ्यांची, कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात. आधी उचल घेतलेली असते, तिला बयाणा म्हणतात. मग दर आठवड्याला भाजीपाल्यापुरती खर्ची मिळते आणि पावसाच्या तोंडावर विटांच्या मजुरीतून बयाणा, खर्ची सगळं वजा होतं. वही शेठची. पैसे उरले तर घरी यायचं, अंगावर निघाले तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे, पण वहीत किती खर्च्या मांडल्यात हे बघायला कायदा भट्टीवर येत नाही.

आमच्या वर्गातली तिसरीतली एक मुलगी अशीच आईबापांबरोबर गेली. जाताना मी तिला पत्र्याचा एक डबा दिला आणि सांगितलं, खर्ची मिळाली की एक चिंचोका टाक. खर्ची पाचशेची होती. हिशेबाच्या दिवशी शेठने सव्वीस खर्च्या वाचल्या. डब्यात तेवीस चिंचोके. तिने ते शेठसमोर जमिनीवर पाच-पाचच्या ढिगात मांडले. शेठ हसला, मग वही पुन्हा चाळली आणि दोन खर्च्या कमी केल्या. तिसरीवर तो अडून बसला. म्हणजे हजार रुपये सुटले, पाचशे गेले. बाप मला म्हणाला, "बाई, चिंचोका खोटा बोलत नाही." आता भट्टीवर जाणारं प्रत्येक मूल डबा मागतं.

शेवटी एक मागणं आहे. आमच्या गल्ल्याच्या पेटीत तीनशे चाळीस रुपये आहेत. रोज संध्याकाळी दोन मुलं ते मोजून वहीत मांडतात. वर्षभरात पेटी दोनदा कमी भरली, एकदा दोन रुपये जास्तही भरली. ते कोणाचे, अजून कळलं नाही. पुढच्या महिन्यात शेजारच्या दोन पाड्यांवर असाच वर्ग सुरू करतोय, त्यासाठी सुट्टे हवेत. तुमच्या घरी डब्यात, देव्हाऱ्यात, गाडीच्या खणात एक, दोन आणि पाचची नाणी साठली असतील, ती कार्यालयात आणून द्या. देणाऱ्याला पावती मिळेल. नाणी मोजून मात्र आणू नका, ते काम मुलांचं आहे.