परकी चव

म्हैसूरचे नाव निघाले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात : दसरा आणि म्हैसूरपाक. पहिली डोळ्यांची, दुसरी जिभेची. जिभेच्याच संबंधात या नगरीचे आणखी एक महत्त्व आहे. ते मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका राजकन्येसाठी बांधलेला चेलुवांबा महाल आहे. २१ ऑक्टोबर १९५० रोजी त्या महालात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे कार्य सुरू झाले, आणि तेथे इतर शास्त्रांच्या जोडीने चव घेण्याचेही शास्त्र नांदू लागले.

चव घेणे हे शास्त्र कसले, असे कोणीही विचारील. चिवडा चांगला झाला की नाही हे सांगावयास पदवी लागत नाही. खरे आहे, परंतु ते सांगणाऱ्यापुरतेच. म्हणून चवीच्या परीक्षेत प्रत्येक परीक्षकाला आडोसा घातलेल्या खणात एकटे बसवितात. शेजाऱ्याचे आंबट तोंड पाहून आपलेही तोंड आंबट होऊ नये, एवढाच त्यातील हेतू. बशीवर पदार्थाचे नाव नसते, नुसता तीन आकडी क्रमांक असतो. रंगाने मन फसू नये म्हणून कधी लाल दिवा लावतात. परीक्षेपूर्वी विडा, तंबाखू, अत्तर वर्ज्य. कधी तीन बशा पुढे येतात. दोहोंतील पदार्थ एकच, तिसरीतील निराळा, आणि तो निराळा कोणता हे ओळखावयाचे. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक जण बरोबर ठरतो, म्हणून एकाच्या उत्तरावर कोणी विसंबत नाही.

या परीक्षकाला पहिला धडा मिळतो तो असा की, ‘विचित्र’ हा शब्द येथे चालत नाही. खारट म्हणा, तुरट म्हणा, जळकट, कुबट, बुरसट म्हणा; विचित्र म्हणू नका. कारण तो शब्द पदार्थाविषयी काहीच सांगत नाही. खाणाऱ्याचे गाव तेवढे सांगतो.

जगातील फराळाचे जिन्नस पाहिले म्हणजे हे पटते. फिनलंड आणि हॉलंडमध्ये मुले जी काळी गोळी आवडीने चघळतात, तिच्यात ज्येष्ठमधाच्या जोडीला नवसागर असतो. होय, कल्हईवाल्याचा नवसागर! ऑस्ट्रेलियातील माणूस न्याहारीच्या पावाला मद्यनिर्मितीत उरलेल्या यीस्टचा खारट काळा लेप लावतो. जपानी माणूस तांदळाच्या कुरकुरीत वड्यांना समुद्रातील शेवाळाचा पापुद्रा गुंडाळतो. बटाट्याच्या वेफरांना पूर्वी मिठापलीकडे फारसे काही लावीत नसत. १९५४ साली स्थापन झालेल्या डब्लिनच्या टेटो कंपनीने त्यांना चीज आणि कांद्याची चव दिली, आणि मग बांध फुटला. इंग्लंडने कोळंबी आणली, कॅनडाने टोमॅटोची चटणी. ही यादी वाचून हसू येते; पण पक्के चीज, टोमॅटो आणि समुद्रशेवाळ यांच्यात एक नाते आहे. १९०८ साली टोकियोचे प्राध्यापक किकुनाए इकेडा यांनी शेवाळाच्या रश्शातून ग्लूटामेट वेगळे काढले आणि त्याच्या रुचीला ‘उमामी’ हे नाव दिले. तीच रुची टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्येही आहे. तीन देशांचे चमत्कारिक वाटणारे पदार्थ जिभेच्या एकाच दारावर थाप मारतात.

आणि आपण तरी कोठले सोवळे? बटाटेवडा घ्या, याहून मराठी फराळ दुसरा कोणता? त्यातील बटाटा अमेरिकेतला, मिरची अमेरिकेतली. दोन्ही पोर्तुगीजांनंतर या देशात आल्या. फोडणीतला हिंग शतकानुशतके अफगाणिस्तान आणि इराणकडून येत राहिला. भारतात त्याची शास्त्रशुद्ध लागवड लाहौलच्या खोऱ्यात २०२० साली सुरू झाली. त्याच हिंगाला जर्मन भाषेत ‘सैतानाची विष्ठा’ असे नाव आहे. आपल्या आमटीचा प्राण तो त्यांच्या नाकाला असा भासला! शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. उपवासाला मात्र तो निःशंक चालतो.

या शेंगदाण्यापाशीच म्हैसूरच्या शास्त्रज्ञांची खरी कसोटी लागली. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत देशापुढे प्रश्न होता तो रुचिपालटाचा नव्हे, मुलांच्या खुरटलेल्या वाढीचा. डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन् हे संस्थेचे पहिले संचालक. त्यांच्या काळात तेथे ‘बहूद्देशीय अन्न’ तयार झाले : तेल काढून घेतलेल्या शेंगदाण्याचे पीठ तीन भाग, हरभऱ्याचे एक भाग, आणि वर जीवनसत्त्वे व क्षार. प्रथिनांचे प्रमाण सुमारे चाळीस टक्के, म्हणजे डाळीच्याही बरेच वर. रसायनशास्त्राच्या हिशेबात त्यात उणे काढावयास जागा नव्हती.

परंतु भुकेले मूलदेखील तोंडात घातलेला परका घास जिभेने बाहेर ढकलते, हा अनुभव प्रत्येक आईला आहे. नवा पदार्थ मुलाने पत्करावा यासाठी तो आठ-दहा वेळा तरी पुढे यावा लागतो, असे संशोधक सांगतात. आणि ज्या घरात धान्यच मोजके, तेथे आठ वेळा वाया घालविण्याइतके अन्न कोण देणार? पोषणाचे सारे गणित येथे अडते. पोटात न गेलेल्या प्रथिनाची किंमत शून्य. म्हणून तज्ज्ञ परीक्षकांनी वास व चव पारखली, तरी काम संपत नाही. ‘यात काय आहे?’ हे तज्ज्ञाला विचारावयाचे आणि ‘तुम्हाला आवडले का?’ हे सामान्य खाणाऱ्याला. दुसऱ्या प्रश्नासाठी नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे : तळाशी ‘मुळीच आवडले नाही’, शिखरावर ‘अतिशय आवडले’, मध्ये पाचव्या पायरीवर ‘ना आवडले, ना नावडले’. ही पट्टी मुळात अमेरिकी सैन्याच्या शिध्यासाठी तयार झाली. सैनिकाचे ताट आणि बालकाची वाटी यांची अडचण एकच असावी, यात नवल ते काय?

म्हैसूरच्या त्या पिठावर उपायही स्वयंपाकघरातलाच निघाला. बहूद्देशीय अन्न दोन प्रकारांत तयार करण्यात आले. एक नुसते पीठ, कणकेत किंवा लापशीत मिसळावयाचे. आणि दुसरे, मसाला घातलेले.