मागच्या सीटवर कोण बसणार?

आम्ही मुंबईतल्या परळ-लालबाग भागातल्या बचत गटांचं काम बघतो. तुमच्या गटात कर्ज मागतात ते शेळीसाठी, बियाण्यासाठी, शिलाई मशीनसाठी. आमच्याकडे मसाल्याच्या नाहीतर डब्याच्या धंद्यासाठी. गेल्या पावसाळ्यात मात्र एका ताईंनी अर्जावर लिहिलं, "मुलाच्या मोटारसायकलसाठी." बैठकीत लगेच कुजबुज सुरू झाली.

ताईंचा मुलगा पार्सल पोचवायचं काम करतो. गाडी त्याची पोटापाण्याची. जुनी घेतलेली स्पोर्ट बाईक, म्हणजे रेसच्या गाडीसारखी पुढे वाकून चालवायची, सगळ्या अंगावर प्लास्टिकचं कवच असलेली. लालबागच्या पुलाखाली ओल्या रस्त्यावर ती घसरली. पोराच्या हाताला प्लास्टर आलं आणि गाडीच्या कवचाचे तुकडे झाले. विमा होता, पण फक्त थर्ड पार्टी. त्यात आपल्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही, हे त्या दिवशी कळलं. सगळं नवीन बसवायचा खर्च चाळीस हजारांच्या वर सांगितला होता.

मुलगा आईबरोबर बैठकीला आला. म्हणाला, "मावशी, कवच बसवायचंच नाही. स्ट्रीटफायटर करतो. अर्ध्या पैशात होईल."

हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला, म्हणून समजून घेतला. १९८० च्या दशकात युरोपातल्या पोरांच्याही अशाच गाड्या आपटायच्या. महागडं कवच परत घेण्यापेक्षा ती पोरं उरलेलं प्लास्टिक काढून टाकायची, सरळ हँडल आणि साधा दिवा लावायची आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. पुढे कंपन्याच तशा गाड्या बनवायला लागल्या. आपल्या पुण्याजवळ चाकणच्या बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या ड्यूक आणि आरसी अशा दोन्ही गाड्या तयार होतात. ड्यूक उघडी, आरसी कवचाची. म्हणजे कवच नसलं तरी गाडी चालते. कवच वारा कापायला असतं, आणि परळच्या गर्दीत वारा कापण्याइतका वेग कोणाला मिळतो?

तरी आम्ही लगेच हो म्हटलं नाही. आमच्या एका सभासदाचे सासरे गिरणीत फिटर होते. ते म्हणाले, "कातडी गेली ते दिसतंय. हाडं बघितलीत का?" त्यांनी चाळीच्या अंगणात गाडी उभी केली, हँडल सरळ धरायला लावलं आणि सुतळी मागवली. सुतळी मागच्या टायरच्या मागून घालून तिची दोन्ही टोकं दोन बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणून धरली. मागचा टायर रुंद असतो, म्हणून पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना थोडी फट राहते. ती दोन्हीकडे सारखी हवी. इथे एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी. पुढे मेकॅनिकने उघडून पाहिलं, तर शॉकपचे पाइप वाकलेले. ते ठोकून सरळ करायचे नाहीत, बदलायचेच, असं आजोबांनी बजावलं. चेसिसचे जोड, विशेषतः हँडलखालचा, बॅटरी लावून तपासले. तिथे चीर निघाली असती तर कर्ज द्यायचंच नाही, असं आम्ही इतिवृत्तात लिहून ठेवलं होतं. सुदैवाने चेसिस सरळ निघाली.

मग हँडलची गोष्ट आली. स्पोर्ट बाईकचं हँडल खाली असतं. सरळ हँडल उंच आणि रुंद येतं, त्यामुळे ब्रेकचा पाइप आणि क्लचची, ॲक्सिलरेटरची केबल कमी पडू शकते. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून बघायचं. कुठेही काही ताणलं जाता कामा नये. कवचामागे झाकलेल्या वायरी आता उघड्या पडणार, त्यांना पावसाचं पाणी लागू नये म्हणून नीट बांधायच्या. ही कामं नजरेला दिसत नाहीत, म्हणून पैसे वाचवायला पोरं नेमकी हीच टाळतात.

एवढं झाल्यावर मुलाने मोबाईलमध्ये फोटो दाखवला, "अशी होणार बघा." गाडी दिसायला झक्कास होती. पण मागचा भाग सगळा कापलेला. मडगार्ड नाही, धरायची दांडी नाही, साडी गार्ड नाही.

गटातल्या एका मावशींनी विचारलं, "अरे, तुझी आई कुठे बसणार?"

तो म्हणाला, "ते सगळं जुनाट दिसतं, मावशी. पहिलं तेच काढतात."

ताई खाली बघत राहिल्या. दर आठवड्याला त्या याच गाडीवर मागे बसून दादरच्या मार्केटमध्ये माल आणायला जातात. साडीत, एका बाजूला पाय सोडून.

मैत्रिणींनो, साडी गार्ड ही शोभेची वस्तू नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो, की मागे माणूस बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायची पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारी जाळी हवी. पदर चाकात गेला की बाई मागे खेचली जाते, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

शिवाय आरसी बुक ताईंच्या नावावर. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी पोराने कापली तरी मालक म्हणून पकडणार आईला. हे मुलाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं.

शेवटी कर्ज मंजूर केलं, पण अटी घालून. साडी गार्ड, दांडी, फूटरेस्ट, मडगार्ड, आरसे आणि इंडिकेटर जागेवर राहतील. सायलेन्सर कंपनीचाच राहील. इंजिन आणि चेसिस नंबरला हात लागणार नाही. बदलांची यादी घेऊन आधी ताडदेवच्या आरटीओत विचारायचं, विमा कंपनीला लेखी कळवायचं. सामान ऑपेरा हाऊसच्या बाजारातून घेतलं तरी पक्क्या बिलावर, कारण बिल नसलेला भाग चोरीचा निघू शकतो. आणि हेल्मेट दोन. मुंबईत जून २०२२ पासून पोलीस मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरही हेल्मेट बघतात.

मुलगा दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी आला आणि अटींखाली सही केली. साडी गार्ड त्याने काळ्या रंगात रंगवून घेतला. म्हणाला, "आता तेवढा वाईट दिसत नाही." एकोणीस हजारांत गाडी उभी राहिली. हप्ते वेळेवर येतात. ताई दादरला जातात त्या दांडीला धरून, डोक्यावर हेल्मेट घालून.

आता तुमच्या गावातही अशा गाड्या आल्यात. दवाखाना, बँक, बाजार, सगळीकडे आपण मागे बसूनच जातो. म्हणून आज घरी गेल्यावर दारातली गाडी बघा. मागच्या चाकाला जाळी आहे का? हाताला धरायला दांडी आहे का? नसेल तर पोराला विचारा, ती कुठे ठेवलीय. बहुतेक माळ्यावर असेल. परत बसवायला लावा, मगच गाडीवर बसा. आणि गटात गाडीचं कर्ज आलं, तर हा प्रश्न अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा: मागे कोण बसणार?