अन्नसाखळीचा धडा आणि शेतातील बेडूक



प्राथमिक शाळेच्या परिसर अभ्यासात अन्नसाखळीचा धडा असतो. हरीण गवत खाते, वाघ हरणाला खातो, एवढे फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतले की धडा संपला, असे पुष्कळ ठिकाणी घडते. गोव्यातील खेड्यातल्या मुलाने वाघ सहसा पाहिलेला नसतो. भाताचे शेत मात्र त्याच्या रोजच्या वाटेवर असते. म्हणून हा धडा शेताच्या बांधावरूनच सुरू व्हावयास हवा.

भाताचे रोप सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने, पाणी व हवा यांपासून आपले अन्न पानांत तयार करते. खत हेच रोपाचे अन्न, असा मुलांचा समज असतो. तो प्रथम दूर करावा. खतातून क्षार मिळतात, अन्न रोप स्वतः बनविते. त्या रोपावर नाकतोडा जगतो, नाकतोड्यावर बेडूक, बेडकावर दिवड आणि दिवडीवर सर्पगरुड. हे फळ्यावर लिहिताना बाणाची दिशा फार महत्त्वाची असते. 'कोण कोणाला खातो' या विचाराने मुले बाण उलटा काढतात. अन्न ज्याच्याकडून निघून ज्याच्याकडे जाते, त्या दिशेने बाण असावा, हे मुलांना पटवून द्यावे.

नंतर मुलांना गोलात उभे करावे. एकाने भात व्हावे, दुसऱ्याने नाकतोडा, तिसऱ्याने बेडूक, आणि याप्रमाणे एक सुतळी हातोहात न्यावी. मग बेडूक झालेल्या मुलाला सुतळी सोडावयास सांगावे. कोणाकोणाची सुतळी सैल झाली? एका बाजूस नाकतोड्याची, दुसऱ्या बाजूस दिवडीची. एकाचा शत्रू गेला, दुसरीचे भक्ष्य गेले. दिवड मासेही खाते, त्यामुळे ती लगेच उपाशी मरणार नाही, असे एखादा चौकस मुलगा म्हणेल. त्याला शाबासकी द्यावी. कारण निसर्गात एक सरळ साखळी नसून अनेक साखळ्यांचे जाळे असते, हे त्याने स्वतः शोधलेले असते. उंदीर, धामण व घुबड यांनाही मग त्या जाळ्यात घ्यावे. शेवटी गांडूळ आणि बुरशी यांना विसरू नये. मेलेल्या प्रत्येक जीवाचे पुन्हा मातीत रूपांतर करण्याचे काम अशाच जीवांच्या हातून होते.

साखळीच्या टोकाला प्राणी थोडे का असतात, हे दाण्यांनी समजावता येते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात, एका पायरीवरून पुढील पायरीवर जाताना ऊर्जा घटत जाते, हे तळ्यातील जीवांच्या अभ्यासातून मांडले. ढोबळ हिशेबाने पुढे दहावा हिस्साच पोहोचतो. उरलेला जगण्यात, हालचालीत व उष्णतेत खर्च होतो किंवा वाया जातो. रोपाजवळ १,००० दाणे ठेवले, तर नाकतोड्यास १००, बेडकास १०, दिवडीस १ आणि सर्पगरुडास एका दाण्याचा दहावा भाग. तो दाणा कसा मोडावा, हे मुलांनाच विचारावे.

एवढे झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येता येते. पहिल्या मोठ्या पावसानंतर साचलेल्या पाण्यात मोठे बेडूक जमतात. नर पिवळेधमक होतात, गळ्याजवळच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. मादी हजारो अंडी घालते. नेमके याच रात्री विजेरीच्या उजेडात त्यांना पकडले जाते आणि काही उपाहारगृहांतून 'जंपिंग चिकन' या नावाने वाढले जाते. अंडी घालण्यापूर्वी मादी मारली गेली, तर तिच्याबरोबर पुढील पिढीही जाते. बेडकांच्या पायांची निर्यात भारत सरकारने १९८७ साली बंद केली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये या बेडकांना पकडणे व मारणे हा गुन्हा आहे.

परंतु केवळ कायदा सांगून शिक्षकाचे काम भागत नाही. ज्या घरी पावसाळ्यात बेडूक शिजतो, त्या घरचे मूलही वर्गात बसलेले असते. त्याच्या आईवडिलांना मुलांसमक्ष दोषी ठरविल्यास ते मूल धड्यापासूनच दुरावेल. बेडूक किती कीड खातो, तो गेल्यावर ती कीड कोणाच्या शेतात राहते, एवढाच प्रश्न मुलांपुढे ठेवावा. उत्तर घरी जाईल आणि मुलाच्या तोंडून ते अधिक मानाने ऐकले जाईल. ग्रामस्थांनीही पाऊस सुरू होण्यापूर्वीच्या पालकसभेत हा विषय घ्यावा.

मुलांना बांधावर नेताना त्यांनी कोणताही प्राणी हाताळू नये, सापापासून दूर उभे राहावे, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. वहीत तारीख, ऐकू आलेला आवाज व दिसलेला जीव यांची नोंद पुरे. दरवर्षी पहिल्या पावसानंतर अशी नोंद ठेवणाऱ्या शाळेला, आपल्या गावात बेडूक वाढत आहेत की घटत आहेत, हे काही वर्षांनी स्वतःच्या वह्यांतून कळू लागेल. मग अन्नसाखळी हा परीक्षेपुरता धडा न राहता गावाच्या शेतीचा विषय होईल.