कुणाची हरकत आहे का?



२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी अमेरिकेत तीन ठिकाणची माणसं फोनवरून एकाच बैठकीला बसली होती. युटा राज्यात मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर आणि अधिकारी, अलाबामात हंट्सव्हिलला नासाच्या मार्शल केंद्रातले अधिकारी, आणि फ्लोरिडाच्या केनेडी केंद्रावर दोन्हीकडचे काही जण. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर यान उडायचं होतं. यानाच्या दोन बाजूंचे बूस्टर थायोकॉलने बनवलेले. ते तुकडे जोडून उभे केलेले असतात, आणि सांध्यांतून तप्त वायू निसटू नये म्हणून तिथे रबरी कड्या बसवतात. थंडीत हे रबर कडक होतं. त्या रात्री फ्लोरिडात पारा गोठणबिंदूच्या खाली उतरणार होता.

कंपनीच्या इंजिनिअरांचं म्हणणं स्पष्ट होतं: ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका. वर्षभरापूर्वी जवळपास त्याच तापमानाला झालेल्या उड्डाणात सांध्यातल्या पहिल्या कडीच्या पलीकडे काळी काजळी गेलेली सापडली होती. रॉजर बॉइजोली या इंजिनिअरांनी १९८५ च्या जुलैतच वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, की याकडे दुर्लक्ष झालं तर माणसं दगावतील.

नासाचे लॅरी मलॉय वैतागले. उड्डाण काय एप्रिलमध्ये करायचं का, असं त्यांनी विचारलं. नासाचेच जॉर्ज हार्डी म्हणाले, या शिफारशीने मी हादरलोय. पण कंपनी नको म्हणत असेल तर मी उडवणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. हे दुसरं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. ही गोष्ट सांगताना एका बाजूला खलनायक आणि दुसऱ्या बाजूला संत उभे केले जातात. मला ते पटत नाही. त्या बैठकीतल्या कुणालाही अपघात नको होता.

कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली आणि फोनचा आवाज बंद केला. त्या पाच मिनिटांचा जवळजवळ अर्धा तास झाला. आर्नी थॉम्पसन या इंजिनिअरांनी टेबलापाशी जाऊन कागदावर सांधा काढून दाखवला. बॉइजोली यांनी काजळीचे फोटो पुढे केले. समोरून प्रश्न आला नाही, तेव्हा दोघे गप्प बसले. मग चार वरिष्ठांनी आपापसात निर्णय घेतला. त्यांच्यातले रॉबर्ट लुंड इंजिनिअरिंग विभागाचे प्रमुख होते. आता इंजिनिअर म्हणून नको, व्यवस्थापक म्हणून विचार करा, असं त्यांना सांगण्यात आलं. फोन पुन्हा सुरू झाला तेव्हा कंपनीची शिफारस बदललेली होती: उडवा.

त्यावर फोनवरून विचारणा झाली, कुणाची हरकत आहे का? कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ३६ अंश फॅरनहाइटला उड्डाण झालं आणि ७३ सेकंदांत यान फुटलं. सात जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतली शिक्षिकाही होती.

मला सर्वांत खटकतो तो हरकत विचारण्याचा क्षण. ज्यांची हरकत होती ते त्याच खोलीत होते. पण त्यांचे वरिष्ठ नुकतेच सर्वांदेखत निर्णय घेऊन मोकळे झाले होते. अशा वेळी सगळ्यांना मिळून विचारलेला प्रश्न हा प्रश्न उरत नाही. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

आणि त्या रात्री आणखी एक गोष्ट उलटी झाली. एरवी 'उड्डाण सुरक्षित आहे' हे कंपनीला दाखवावं लागे. त्या दिवशी 'ते बिघडणारच' हे सिद्ध करायची पाळी इंजिनिअरांवर आली. त्यांच्याकडे तसा निर्विवाद पुरावा नव्हता. काही तासांत घाईने केलेल्या तक्त्यांत मुख्यतः त्रास झालेलीच उड्डाणं होती. पुढे चौकशी आयोगाने सगळी उड्डाणं एकत्र मांडली. ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती. ६६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या वीस उड्डाणांपैकी फक्त तीन उड्डाणांत. हा तक्ता त्या रात्रीही करता आला असता. 'तुम्हाला काय हवंय, किती वेळ हवाय?' असं कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि ते विचारणं वरिष्ठांचं काम होतं. आकडे अपुरे आहेत म्हणून इंजिनिअरला गप्प करणं सोपं असतं. त्याला आकडे गोळा करायला वेळ देणं हे खरं नेतृत्व.

केनेडी केंद्रावरचे कंपनीचे अ‍ॅलन मॅकडॉनल्ड यांनी उड्डाणाच्या कागदावर सही करायला नकार दिला. मग युटाहून सही करून कागद फॅक्सने पाठवला गेला. पुढे आयोगाच्या बंद बैठकीत मागे बसलेले मॅकडॉनल्ड स्वतःहून उठले आणि कंपनीची मूळ शिफारस काय होती ते त्यांनी सांगितलं. त्यांचं पद काढून घेतलं गेलं. अमेरिकन संसदेतून दबाव आला, तेव्हा ते परत मिळालं आणि सांध्याची नवी रचना करण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवलं गेलं. २९ सप्टेंबर १९८८ ला डिस्कव्हरी उडालं ते त्या नव्या सांध्यांवर.

आपल्याकडे पूल असो, मेट्रो असो की रुग्णालयाचं सॉफ्टवेअर, बैठकीत नवखा इंजिनिअर बोलू लागला की 'लहान तोंडी मोठा घास' असं कुणी म्हणत नाही, पण ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साहेबांच्या निरोपाखाली बारा अंगठे येतात आणि ते बारा होकार म्हणून मोजले जातात. म्हणून कामाच्या प्रमुखाने आपलं मत सर्वांत शेवटी सांगावं, आणि प्रत्येकाला नाव घेऊन विचारावं, वयाने लहान असलेल्यापासून सुरुवात करून. 'हरकत आहे का?' असं न विचारता 'हे बिघडलं तर कशाने बिघडेल?' असं विचारावं. या प्रश्नाला गप्प राहून उत्तर देता येत नाही.

आणखी एक. त्या रात्री फोनवर एवढा वाद झाला, हे उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या नासाच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांना कळलंच नाही. त्यांच्यापर्यंत फक्त होकार पोचला. म्हणून बैठकीच्या इतिवृत्तात निर्णयाशेजारी एक रकाना ठेवा: हरकत कुणाची, कारण काय, आणि त्याला उत्तर काय दिलं. उत्तर दिलं नसेल तर तसंच लिहा, आणि निर्णयाबरोबर तो कागदही वरच्या साहेबांच्या टेबलावर जाऊ द्या.